१९६२ साली जवानांच्या हाती थ्री-नॉट-थ्रीऐवजी एसएलआर असती, तर युद्धाचा निकाल बदलला असता का?

आपल्या गावातल्या बंदूकशौकीन मंडळींत बाजाराच्या दिवशी हा वाद रंगतो, असे आपण लिहिले आहे. एका गटाच्या मते थ्री-नॉट-थ्रीचा बोल्ट, म्हणजे गोळी भरण्याचा दांडा, ओढण्यातच आपल्या जवानांचा वेळ गेला आणि चिन्यांनी डाव साधला. दुसऱ्या गटाच्या मते थ्री-नॉट-थ्रीसारखी रायफल पुन्हा झाली नाही, त्यामुळे दोष तिला देऊ नये. त्यासोबत, धानाच्या राखणीसाठी या रायफलीचा परवाना मिळतो काय, अशीही एक शंका आपण जोडली आहे. मी साकोली तालुक्यातला, लष्करात आर्मरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारा, म्हणून नोकरी केलेला माणूस आहे. युनिटमध्ये एसएलआर आणि एनसीसीच्या शस्त्रागारात थ्री-नॉट-थ्री, अशा दोन्ही रायफली मी पुष्कळ खोलल्या आणि जोडल्या आहेत. माझे मत असे आहे की निकाल बदलला नसता. काही ठाण्यांवरची लढाई थोडी लांबली असती. काही ठाण्यांवर ती उलट लवकर आटोपली असती, आणि हा दुसरा भाग आपल्या चर्चेत सहसा कोणी मांडत नाही.

आधी दोन्ही रायफलींविषयी. थ्री-नॉट-थ्री म्हणजे ली-एनफिल्ड. तिच्या मॅगझिनमध्ये दहा राउंड, म्हणजे काडतुसे, बसतात आणि ते पाच-पाचच्या चार्जर क्लिपने (काडतुसे धरणाऱ्या पट्टीने) वरून भरले जातात. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागेपुढे करावा लागतो. तिचा बोल्ट आखूड आणि गुळगुळीत चालतो, त्यामुळे सराव असलेला शिपाई मिनिटाला बारा-पंधरा गोळ्या नेम धरून मारू शकतो. बोल्ट रायफलींमध्ये यापेक्षा वेगवान रायफल सापडणे कठीण आहे. तिचा खरा त्रास काडतुसाच्या मागच्या कडेचा आहे, कारण भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली तर रायफल अडते, आणि ती अंधारात, थंडीत मोकळी करणे सोपे काम नाही. एसएलआर, म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल, ही बेल्जियन एफएन एफएएल रायफलीच्या घराण्यातली. तिच्यात वीस राउंडचे मॅगझिन असते आणि गोळीच्या वायूवरच पुढची गोळी आपोआप चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, जाते. मात्र प्रत्येक गोळीसाठी घोडा नव्याने दाबावा लागतो. आपली एसएलआर बर्स्ट, म्हणजे एका दाबात सलग गोळ्या, मारत नसे, हे तरुण मंडळींना सांगावे लागते. ईशापूरच्या कारखान्यात तिचे उत्पादन युद्ध संपल्यावर, १९६३ च्या सुमारास सुरू झाले. म्हणजे प्रश्नातली कल्पना फार दूरची नाही, थोडक्यात चुकलेली आहे, आणि म्हणूनच ती मनाला चटका लावते.

समोर काय होते, याविषयीही गैरसमज आहे. चिनी शिपायांच्या हाती सरसकट एके-४७ होती असे समजून बोलले जाते. प्रत्यक्षात त्यांच्याकडे मिसळ होती: सोव्हिएत घडणीवरून बनवलेल्या सबमशीनगन, जुन्या रशियन मोसिन घराण्यातल्या बोल्ट कार्बाइन (आखूड रायफली), दहा राउंडची अर्धस्वयंचलित छप्पन्न नमुन्याची कार्बाइन आणि त्याच छप्पन्न क्रमांकाची, एके-४७ वरून घेतलेली स्वयंचलित रायफल. या सर्वांचे माप ७.६२ असे सांगितले जाते, आणि आपल्या एसएलआरचेही तेच. त्यावरून काही जण असे सांगतात की एसएलआर असती तर मेलेल्या चिन्यांच्या गोळ्या उचलून वापरता आल्या असत्या. हे शक्य नाही. तो आकडा केवळ नळीच्या व्यासाचा आहे. काडतुसाच्या कवचाची लांबी सबमशीनगनची २५ मिलिमीटर, छप्पन्नची ३९, मोसिनची ५४ आणि एसएलआरची ५१. यातले एकही दुसऱ्याच्या चेंबरमध्ये नीट बसत नाही. जवळच्या अंतरावर, चढावरून टोळीने येणाऱ्या चिनी तुकड्यांचा मारा आपल्यापेक्षा दाट होता, हे मात्र खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही.

आता मूळ मुद्दा. रायफलीचा वाद घालताना आपण तिच्या वेगाकडे पाहतो आणि तिच्या पोटात जाणाऱ्या गोळ्या कुठून येणार, हे विसरतो. २० ऑक्टोबर १९६२ च्या पहाटे नेफातल्या (आजच्या अरुणाचल प्रदेशातल्या) नामका चू नदीकाठी सातव्या ब्रिगेडवर हल्ला झाला, तेव्हा जवानांजवळ माणशी साधारण पन्नास राउंड होते. रस्ता त्या खोऱ्यापर्यंत पोचलेलाच नव्हता. सामान विमानातून त्सांगधरच्या उंचवट्यावर टाकले जाई आणि त्यातले पुष्कळसे दऱ्यांत गडप होई. तोफा नावापुरत्या होत्या, अंगावर उन्हाळी कपडे होते, ठाणी नदीच्या पातळीवर आणि शत्रू थागला डोंगरधारेवर, म्हणजे डोक्यावर. अशा वेळी त्याच जवानाच्या हाती एसएलआर दिली असती तर काय झाले असते? पन्नास राउंड म्हणजे अडीच मॅगझिन. थ्री-नॉट-थ्रीने जोरात मारा केला तर ते साडेतीन-चार मिनिटांत संपतात, एसएलआरने मिनिटाला वीसच्या गतीने अडीच मिनिटांत. विहिरीत पाणी नसताना तीनऐवजी पाचचा पंप बसवला, तर शेत भिजत नाही, विहीर लवकर कोरडी पडते. अर्थात कोणीही जवान सलग असा मारा करत नाही. शिस्तीचा शिपाई दोन्ही रायफलींवर गोळी जपूनच मारेल; पण मग एसएलआरच्या वेगाचा लाभही तितकाच कमी होतो.

दुसरी अडचण आणखी आतली आहे आणि ती आर्मररच्या लगेच लक्षात येते. त्या काळी पलटणीची रायफल, ब्रेन नावाची एलएमजी (हलकी मशीनगन) आणि विकर्स मशीनगन या तिन्ही थ्री-नॉट-थ्रीच्याच काडतुसावर चालत. ठाणे वेढले गेले, एखादी ब्रेन निकामी झाली, तर तिच्या मॅगझिनमधले राउंड काढून रायफलवाल्यांना वाटता येत. उलटही करता येई. फक्त रायफल बदलली आणि ब्रेन तीच ठेवली, तर एकाच खंदकात दोन प्रकारची काडतुसे आली, आणि ज्या विमानाची निम्मी खोकी दरीत पडतात, त्याने नेमकी कोणती खोकी टिकतील हे कोण सांगणार? पुढे भारतात ब्रेनही ७.६२ मध्ये आली, कारण बदल करायचा तर सगळ्यांचा एकत्र करावा लागतो. म्हणजे आपल्या कल्पनेतली एसएलआर १९६२ च्या ऑक्टोबरात अवतरून चालणार नाही. कारखान्याची यंत्रे, नवी काडतुसे, एलएमजी, सुटे भाग, आर्मररचे प्रशिक्षण आणि जवानांचा सराव हे सगळे पाच-सात वर्षे आधी सुरू व्हायला हवे होते. ज्या सरकारने आणि सेनापतींनी ते वेळेवर केले असते, त्यांनी थंडीचे कपडे, रस्ते आणि तोफाही वेळेवर पुरवल्या असत्या असे मानावे लागेल. मग फरक कोणत्या वस्तूने पडला हे वेगळे काढताच येत नाही.

आपल्या दोन्ही गटांनी एक साधी तुलना करून पाहावी. लडाख आणि नेफा या दोन्ही आघाड्यांवर रायफल तीच होती, काडतूस तेच होते आणि शत्रूही तोच होता. निकाल मात्र सारखा लागला नाही. नेफात नामका चूची फळी एका दिवसात मोडली आणि चार-पाच दिवसांत तवांग गेले. लडाखमध्ये चुशूलच्या भोवतीची पुढची ठाणी पडली, पण चुशूल गाव आणि तिथली धावपट्टी शेवटपर्यंत आपल्याकडे राहिली. तिथे धावपट्टी असल्याने रसद येत होती, तोफखाना होता, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस विसाव्या लान्सर्सचे एएमएक्स-१३ रणगाडे एएन-१२ विमानांतून तिथे उतरवले गेले होते. रायफल हेच कारण असते, तर दोन्हीकडे सारखेच घडायला हवे होते.

एसएलआरने खरा फरक कुठे पडला असता, असे विचाराल तर मी रेझांग लाचे नाव घेईन. १८ नोव्हेंबरच्या पहाटे मेजर शैतान सिंह यांच्या नेतृत्वाखाली तेराव्या कुमाऊं बटालियनची चार्ली कंपनी तिथे सोळा हजार फुटांहून अधिक उंचीवर लढली. मधल्या डोंगरधारेमुळे आपल्या तोफांचा मारा त्या ठाण्यापर्यंत पोचत नव्हता, त्यामुळे कंपनीजवळ होते ते रायफली, एलएमजी आणि छोटे मॉर्टर एवढेच. चिनी तुकड्या घळींतून जवळ येत होत्या. अशा जागी, शंभर-दोनशे यार्डांवर, बोटे बधिर झालेली असताना प्रत्येक गोळीमागे बोल्ट ओढावा न लागणे ही मोठी गोष्ट होती. एसएलआरलाही तिथे काळजी लागली असती, कारण कडाक्याच्या थंडीत तेल घट्ट होते आणि गॅस रेग्युलेटर (वायूचा जोर कमी-जास्त करणारी कळ) जुळवून घ्यावा लागतो. परंतु जाणता शिपाई ते करतो. चिन्यांचे नुकसान वाढले असते, हल्ला एखाद-दोन वेळा अधिक परतवला गेला असता. तरीही पुढच्या फेब्रुवारीत सापडलेले जवान हाती शस्त्र घेऊन गोठलेले होते आणि दारूगोळा जवळपास संपलेला होता. ती कंपनी हरली नाही, तिच्याजवळचे संपले आणि मागून काही आले नाही. तिथेही शेवटचा शब्द रसदीचाच होता.

याच्या अगदी उलट सेला. जवळजवळ चौदा हजार फुटांवरची ती खिंड, तिथे पूर्ण ब्रिगेड, तोफा आणि नामका चूच्या तुलनेत बराच साठा होता. चिनी सैन्य बेली पायवाटेने आपल्या सैन्याच्या पाठीमागे उतरले, बोमडिलाकडचा रस्ता तोडला, आणि १७-१८ नोव्हेंबरच्या रात्री ती खिंड मोठी लढाई न देताच सोडण्यात आली. माघारीतच बहुतेक माणसे गेली. इथे जवानाच्या खांद्यावर कोणती रायफल होती, याने काडीचाही फरक पडत नव्हता. ‘असे झाले असते तर’ हा खेळ खेळायचाच असेल, तर सेलाला ब्रिगेड थांबली असती तर काय, किंवा वायुसेनेची लढाऊ विमाने वापरली असती तर काय, हे प्रश्न घ्यावेत. तिबेटच्या उंचीवरून उडणाऱ्या चिनी विमानांना इंधन आणि बॉम्ब कमीच नेता येत होते, आपली तळे मैदानात होती. त्यावर तासभर भांडता येईल आणि दोन्ही बाजूंना बोलण्यासारखे काही मिळेल. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली आणि नेफातून तो आपण होऊन मागे गेला, हेही त्या चर्चेत मोजावे लागेल, कारण तो निर्णय बीजिंगमध्ये झाला, कोणत्याही ठाण्यावर नव्हे.

पराभवानंतर देशाने काय उभारले, ते आपल्याच भागात दिसते. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला गोळीमागची बारूद तयार करणारा कारखाना, नागपुरात अंबाझरी, भद्रावतीला दारूगोळा भरणारा चांदा कारखाना, आणि खानदेशात वरणगावला लहान शस्त्रांच्या काडतुसांचा. हे सगळे साठच्या दशकातले. रायफल ईशापूरची, पण तिचे खाणे पिकवण्याची जबाबदारी बऱ्याच अंशी आपल्या इकडे आली. भंडारा जिल्ह्यातला माणूस हा वाद रायफलीवरच थांबवतो, याचे मला म्हणूनच थोडे नवल वाटते.

परवान्याविषयी. थ्री-नॉट-थ्री ही प्रतिबंधित बोअरची (नळीच्या मापाची) रायफल आहे. पोलिसांच्या हाती ती वर्षानुवर्षे दिसली म्हणून शेतकऱ्याला मिळेल असे नाही. बाजारात .३१५ बोअरची जी रायफल मिळते, ती त्याच ली-एनफिल्डच्या यंत्रणेवर बांधलेली आहे, पण काडतूस वेगळे असल्याने ती या बंधनाबाहेर राहते. पिकाच्या राखणीसाठी शस्त्र कायद्यात भरमार, म्हणजे नळीच्या तोंडातून भरायच्या, बंदुकीची वेगळी तरतूद आहे, आणि आपल्याला गरज असेल तर अर्ज तिचाच करावा. तो परवाना बंदूक बाळगण्याचा असतो. रानडुक्कर किंवा रोही (नीलगाय) मारण्यासाठी १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वनखात्याची परवानगी निराळी काढावी लागते, आणि ती हाती असल्याशिवाय बंदूक जनावरावर रोखू नये.