रॅटमध्ये पोटात बसवलेलं वृषण पुन्हा खाली का उतरतं

तुम्ही लिहिलंय की प्रौढ विस्टार रॅटची (प्रयोगशाळेतल्या उंदरांची एक जात) दोन्ही वृषणं पोटात ढकलली, पण चार आठवड्यांनी पाहिलं तर काहींची पुन्हा अंडकोशात उतरली होती. हे होणारच. माणसात वृषण उतरलं की ते जांघेतल्या ज्या वाटेने आलं ती मागे बहुधा मिटते. रॅटमध्ये ती आयुष्यभर उघडी राहते. नुसतं वर ढकलून भागत नाही.

मधोमध पोट उघडा, वृषण हलक्या हाताने वर घ्या, गुबर्नाक्युलम (वृषणाला अंडकोशाशी बांधणारा पट्टा) कापा आणि न विरघळणाऱ्या धाग्याने पोटाच्या बाजूच्या भिंतीला टाका घाला. टाका वृषणाच्या गरातून नको, लागून असलेल्या चरबीतून किंवा गुबर्नाक्युलमच्या उरलेल्या टोकातून घ्या. वाटेचं आतलं तोंडही एका टाक्याने आवळा. रक्तवाहिन्यांना पीळ पडला नाही ना, हे पोट शिवण्याआधी दोनदा बघा. माझ्या पहिल्या तुकडीत एक वृषण असंच काळं पडलं होतं. रक्त न मिळाल्याने मेलेला भाग स्लाइडवर उष्णतेचं नुकसान म्हणून मोजला गेला, तर सगळा अभ्यास फसतो. तुलनेच्या गटाचंही पोट उघडा, वृषण वर घ्या आणि परत जागेवर सोडा.

आता खरा प्रश्न: तुम्हाला मॉडेल, म्हणजे माणसातल्या आजाराची प्राण्यातली नक्कल, कशाचं हवंय? शिकागोचे प्राणिशास्त्रज्ञ कार्ल मूर यांनी 1920 च्या दशकात गिनीपिगवर असेच प्रयोग करून दाखवलं की नुकसान पोटातल्या जास्त तापमानामुळे होतं. प्रौढ प्राण्यात आपण तेच करतो. स्पर्मॅटोसाइट आणि स्पर्मॅटिड या शुक्राणू बनण्याच्या पुढच्या टप्प्यांवरच्या पेशी मरतात, स्पर्मॅटोगोनिया या सुरुवातीच्या पेशी बऱ्याच टिकतात. म्हणून स्टेम सेलच्या (ज्यांच्यापासून पुढच्या पेशी तयार होतात त्या मूळ पेशींच्या) कामाला हे मॉडेल फार उपयोगी. पण जन्मतः वृषण न उतरलेल्या बाळाबद्दल ते फारसं बोलत नाही, कारण या रॅटच्या वृषणाची सुरुवातीची वाढ नीट झालेली असते.

तुमचा विषय बालशस्त्रक्रियेचा आहे, तेव्हा नवजात पिल्लांकडे वळा. रॅटमध्ये उतरण्याचा शेवटचा टप्पा जन्मानंतर होतो, त्यामुळे पिल्लात जेनिटोफेमोरल नर्व्ह (जांघेकडे आणि अंडकोशाकडे जाणारी नस) कापून तो अडवता येतो. हात अजून बसला नसेल तर गाभण मादीला फ्लुटामाइड (पुरुष संप्रेरकांचा परिणाम अडवणारं औषध) देण्याचा बिनशस्त्रक्रियेचा मार्गही आहे. मात्र त्यात सगळ्याच पिल्लांची वृषणं वर राहत नाहीत, म्हणून माद्या जास्त लागतात.

यातलं काहीही बदलण्याआधी प्राणी नीतिसमितीची सुधारित मंजुरी घ्या. आणि वेदनाशामक भूल उतरण्याआधीच द्या, रॅट दुखणं लपवतो.