चाळिशीनंतरचे व्हायोलिन : आधी गज, मग बोटे

प्रश्न : माझे वय ४७ असून मी नागपुरात बँकेत नोकरी करतो. दिवाळीपासून एका गुरुजींकडे हिंदुस्थानी पद्धतीचे व्हायोलिन शिकत आहे. आवाज अजूनही करकरतो आणि एप्रिल लागल्यापासून तारा सारख्या उतरतात. माझे वय आडवे येते आहे, की वाद्यच सदोष आहे?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : बहुधा दोन्ही नाही. मोठेपणी शिकणाऱ्याचा कान वर्षानुवर्षांच्या श्रवणाने तयार झालेला असतो आणि हात मात्र अजून पहिलीत असतो, म्हणून स्वतःचे वादन त्याला लहान मुलापेक्षा अधिक बोचते. तरी हा कानच आपले भांडवल आहे, कारण व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नसतात आणि सुराची जागा तानपुऱ्याच्या साथीने कानानेच शोधावी लागते.

करकर बहुतेक वेळा उजव्या, म्हणजे तारांवर गज फिरवणाऱ्या हाताची असते. घोडीच्या (तारा ज्यावर टेकतात त्या उभ्या लाकडी तुकड्याच्या) फार जवळ, दाब देऊन आणि सावकाश गज ओढला की तार ओरखडल्यासारखी वाजते. बोटे ठेवायच्या पट्टीकडे सरकला की आवाज पोकळ होतो. म्हणून आरशासमोर बसून, गज या दोहोंच्या मधोमध आणि घोडीला समांतर ठेवून, केवळ खुल्या (बोट न ठेवलेल्या) तारांवर मुठीपासून टोकापर्यंत लांब गज ओढावा. टोकाकडे वजन आपोआप कमी होते, तेवढे तर्जनीने अलगद भरून काढावे. अलंकारांची, म्हणजे सरावाच्या स्वररचनांची, घाई तूर्त नको. नवशिक्यांना ती फार असते. तारांवर गजाला लावायच्या राळेची पांढरी भुकटी साचली असेल, तर ती मऊ कापडाने पुसावी, कारण जादा राळेनेही आवाज खरखरतो. वाद्याचे टोक उजव्या पायाच्या घोट्यावर नीट टेकलेले आहे ना, हेही गुरुजींना पाहू द्यावे; डाव्या हाताला वाद्य सावरावे लागले, तर मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे) अडखळते. हिंदुस्थानी पद्धतीच्या ज्येष्ठ व्हायोलिनवादक डॉ. एन. राजम यांचे वादन ऐकताना एकाच गजात किती स्वर येतात, तिकडे लक्ष द्यावे.

तारा उतरतात त्या आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यामुळे. लाकडी खुंट्या आक्रसतात आणि सैल पडतात, म्हणून खुंटी फिरवताना ती किंचित आत दाबावी. कूलरच्या झोतात वाद्य ठेवू नये. कूलर चालू असेपर्यंत दमट आणि बंद होताच कोरडी अशी हवा लाकडाला सोसत नाही. दुपारी उभ्या गाडीत तर ते मुळीच ठेवू नये. रियाझानंतर गजाचे केस सैल करून व्हायोलिन पेटीत बंद करावे. इतके करूनही खुंटी घसरत राहिली, तर ती वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडून बसवून घ्यावी.