जॉन्सनची बाकी काढू नकोस

प्रिय मुली,

तुझ्या प्रबंधाचा आराखडा दोनदा वाचला. अमेरिकेचा अध्यक्ष लिंडन जॉन्सन, त्याच्या नावाखाली एका रकान्यात नागरी हक्क, मतदान, मेडिकेअर (म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी आरोग्यविमा), दुसऱ्यात व्हिएतनामचं युद्ध. आणि खाली तुझा प्रश्न : ‘मग शेवटी चांगला की वाईट?’ ही वजाबाकी आधी सोड. ५८ हजार अमेरिकी सैनिक आणि लाखो व्हिएतनामी माणसं कुठल्याही कायद्यातून वजा होत नाहीत. त्यांच्या मृत्यूनं कायदेही पुसले जात नाहीत.

तू अंमलबजावणी बघ.

१९६४च्या नागरी हक्क कायद्यावरची त्याची सही सगळ्यांना माहीत असते. त्याच कायद्यात एक कलम होतं, भेदभाव करणाऱ्या संस्थेला केंद्राचा पैसा नाही. ते तू एका ओळीतही घेतलं नाहीस! १ जुलै १९६६ला मेडिकेअर सुरू व्हायचं होतं. दक्षिणेतल्या रुग्णालयांना तो पैसा हवा होता आणि गोऱ्या-काळ्यांचे वॉर्डही वेगळेच ठेवायचे होते. सरकारनं तपासनीस पाठवले. काही महिन्यांत एक हजाराहून जास्त रुग्णालयांनी ती विभागणी मोडली. मी १९७२मध्ये जॉर्जियात रेसिडेन्सीला, म्हणजे डॉक्टरकीच्या पुढच्या प्रशिक्षणाला आले, तेव्हा आमच्या वॉर्डातल्या वयस्क काळ्या नर्सनं मला काळ्यांसाठीची तळघरातली जुनी खोली दाखवली होती. तिचे वडील तिथंच वारले. वरच्या मजल्यावर गोऱ्यांच्या खाटा रिकाम्या होत्या.

मतदानाचंही तेच. मिसिसिपीत १९६५च्या मतदान हक्क कायद्याआधी जेमतेम ७ टक्के काळ्या मतदारांची नोंद होती, १९६७मध्ये जवळजवळ ६०. केंद्राचे नोंदणी अधिकारी तिथं जाऊन बसले म्हणून. त्याच कायद्यानं काही राज्यांना मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची पूर्वपरवानगी घ्यावी लागे; ती कोणत्या राज्यांनी घ्यायची हे ठरवणारं सूत्र २०१३मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं रद्द केलं. कायदा पुस्तकात राहिला, पण त्याचे दात गेले. तू आराखड्यात ज्याला ‘टिकाऊ कार्य’ म्हणतेस, ते या दोन आकड्यांत आणि या एका निकालात आहे, भाषणांत नाही.

मी एवढं का चिडते, तेही सांगते. विभागप्रमुख असताना मी नियम करून घेतला की इंग्रजी न येणाऱ्या पेशंटला दुभाष्या द्यायचा. टाळ्या झाल्या. तो पाळला जातो का, हे मी दोन वर्षं विचारलं नाही. एका बाईनं न कळलेल्या कागदावर सही केली, तिची शस्त्रक्रिया झाली, आणि हे मला कळलं फार उशिरा. कामाचा रेटा होता, हे खरं आहे. पण विचारायला पाच मिनिटं लागली असती.

तुझी आजी म्हणते, मी त्याच्याच कायद्यानं इथं आले म्हणून त्याची बाजू घेते. १९६५च्या स्थलांतर कायद्याआधी अमेरिकेत स्थायिक व्हायला भारताच्या वाट्याला वर्षाला १०० जागा होत्या; हो, मी त्या कायद्यानंच आले. पण १९६६च्या दुष्काळात हाच माणूस भारताला मदतीचा अमेरिकी गहू महिन्या-महिन्यानं मोजून सोडत होता. मिरजेच्या वसतिगृहात आम्ही दोघींनी त्याच गव्हाच्या चिवट पोळ्या खाल्ल्यात. मला तो लाडका नाही. व्हिएतनाममध्ये पाच लाखांहून जास्त सैनिक पाठवले, तीही त्याचीच अंमलबजावणी, तितक्याच हट्टानं केलेली. दोन्ही पुरी मांड.

दुसरं प्रकरण नव्यानं लिही. त्या रुग्णालयांपासून सुरुवात कर. रविवारपर्यंत पाठव, शुद्धलेखन मी बघेन.

तुझी,
मावशीआजी