अभिप्रायाच्या वहीतलं तुझं पान

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

काल संध्याकाळी ग्रंथालयाला कुलूप लावायच्या आधी अभिप्रायाची वही चाळत बसलो. दादा कोंडके यांचं 'एकटा जीव' हे आत्मचरित्र तू परत केलंस आणि वहीत लिहिलंस, 'विनोद जुने वाटले. मोजून चारदा हसले. बाकी ठीक.' तुझ्या वर आणखी तिघांचं अक्षर आहे. एकजण म्हणतो, चावट पुस्तक आहे, घरी नेऊ नये. (देवघेवीच्या नोंदीत त्यानंच ते दोनदा नेलेलं दिसतं, पण ते असो.) एकीला शेवटी रडू आलं. तिसऱ्याच्या मते नुसती स्वतःची टिमकी. चौघांचं वाचून पाचव्यानं पुस्तक न्यावं की नाही, हे काही कळत नाही.

साप्ताहिकासाठी तुला याच मतांवर लेख लिहायचा आहे आणि 'गुरुजी, यातलं कोणाचं खरं धरू?' असं तू चिठ्ठीत विचारलंस. समोरासमोर बोललो असतो, पण तुमच्याकडे धानाची कापणी सुरू आहे. तू दिवसभर शेतात, बांधीत, मी इथे. म्हणून पत्र.

आधी तुझ्याच मतापासून सुरू करतो. चारदा हसलीस, हे कबूल. पण पुस्तक वाचलंस कुठे? मला अंदाज आहे. रात्री, आजी झोपल्यावर, एकटीनं, मनातल्या मनात. हसवणाऱ्या माणसाचं पुस्तक वाचायला यापेक्षा वाईट जागा मिळणार नाही.

गेल्या मंडईच्या, म्हणजे आपल्या गावजत्रेच्या, रात्रीची गोष्ट आठव. वडशाची नाटक कंपनी आली होती. रात्रीचा एक वाजून गेलेला, थंडीनं लोक घोंगड्यात गुंडाळून बसलेले. विनोदी नट आला, बोलला काहीच नाही. धोतराचा सोगा आवरला, प्रॉम्प्टरकडे एकदा पाहिलं, मग आपल्याकडे पाहिलं. सगळा मांडव हसला. हसू ओसरेपर्यंत तो थांबला आणि ओसरतंय असं वाटताच परत प्रॉम्प्टरकडे पाहिलं. पुन्हा मांडव हसला. दुसऱ्या दिवशी टपरीवर मी हे हुबेहूब सांगितलं. नाटकाला न आलेला एकजण म्हणाला, "मंग? त्यात का हाय?" खरंच, त्यात काय होतं? शब्द तर एकही नव्हता. जे होतं ते त्याच्या थांबण्यात होतं आणि हजारभर माणसांच्या एका वेळच्या श्वासात होतं. ते छापायला कोणत्याच छापखान्यात खिळा नाही.

दादा याच जातीचा नट. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या वगनाट्यात ते हवालदार व्हायचे, आणि समोरचा प्रेक्षक पाहून जागच्या जागी वाक्यं टाकायचे. आजचा प्रयोग कालच्यासारखा नसायचा. अशा माणसाचा विनोद पुस्तकात आला की तो वाळवलेल्या मोहफुलासारखा होतो. तोंडात टाकून चावलास तर चामट लागणार. पाण्यात टाक, मग बघ. इथे पाणी म्हणजे आवाज. 'विनोद जुने वाटले' हे मत मी खोटं म्हणत नाही, ते अर्धं वाचून दिलेलं मत आहे इतकंच म्हणतो. एक प्रकरण मोठ्यानं वाच, कोणाला तरी ऐकव, आणि मग लिही की आजी कुठे हसली, तू कुठे हसलीस, आणि ती हसली तिथे तुला हसू का नाही आलं. एवढं लिहिलंस की पाचव्या माणसाला काहीतरी हाती लागतं. चार हा आकडा त्याच्या काय कामाचा?

मुखपृष्ठाच्या आतलं पानही नीट बघ. शब्दांकन अनिता पाध्ये यांचं आहे. म्हणजे दादा बोलले आणि कागदावर दुसऱ्या हातानं उतरलं. भाषेला नावं ठेवण्याआधी किंवा तिचं कौतुक करण्याआधी हे ध्यानात ठेव. मी अशी पुस्तकं वाचताना बोलल्याचा ठसका कुठे शिल्लक राहिला आहे ते शोधतो.

आता टिमकीवाला. त्याचं निरीक्षण चुकलेलं नाही. पण हिशेब मांड. लहानपणी बँडमध्ये वाजवणारा, अपना बाजारात नोकरी करणारा माणूस 1969 साली भालजी पेंढारकरांच्या 'तांबडी माती'त दिसतो आणि 1971 साली स्वतःचा 'सोंगाड्या' काढतो. ज्यानं बँडमध्ये दिवस काढले, त्याच्या हातात म्हातारपणी टिमकी दिसली तर नवल कसलं! तुझ्या लेखात टिमकीपेक्षा वेगळी गोष्ट मोज. दादा स्वतःबद्दल किती बोलले यापेक्षा कोणाबद्दल बोललेच नाहीत ते बघ.

हे मला चार्ली चॅप्लिननं शिकवलं. त्याचं आत्मचरित्र 1964 साली आलं. लंडनमधलं दारिद्र्य, पाच वर्षांच्या पोरानं आईचा आवाज फुटल्यावर रंगमंचावर उभं राहणं, हे वाचून लोक आजही हलतात. पुढे मोठमोठ्या माणसांच्या भेटीगाठी सुरू होतात आणि तेच वाचक जांभया देऊ लागतात. पण खरी खाच वेगळीच. 1910 साली फ्रेड कार्नोच्या विनोदी नाटक कंपनीबरोबर चॅप्लिन अमेरिकेला गेला, तेव्हा त्याच्याबरोबर स्टॅन लॉरेल होता, जाड्या-रड्यातला तो रड्या. चॅप्लिन आजारी पडला तर त्याच्या जागी उभं राहायला ठेवलेला नट. आत्मचरित्रात त्याचं नावसुद्धा नाही. एवढं एक वाक्य लिहायचं आणि तिथेच थांबायचं. असं का केलं असेल, मत्सर की विसर, याचा निवाडा करायला आपण काही कोर्टात बसलो नाही.

रडू आलेल्या बाईंबद्दल मला आदर आहे. पण तुझ्या लेखात 'हसऱ्या चेहऱ्यामागचं दुःख' हे शब्द दिसले तर मी लाल शाईनं खोडीन. विनोदी माणसाच्या प्रत्येक पुस्तकावर हा शिक्का मारतात, न वाचताही मारता येतो. आपल्याकडचे नट परशुराम खुणे बघ, 2023 साली पद्मश्री मिळालेले. त्यांना लोक विदर्भाचे दादा कोंडके म्हणतात. पाच हजारांवर प्रयोग, आठशे वेगवेगळ्या भूमिका. अशा माणसाला मी आधी त्याचं दुःख विचारणार नाही. पहाटेपर्यंत आवाज कसा टिकवता, हे विचारीन. समोरचा मांडव थंड पडला की पहिला उपाय कोणता, हे विचारीन. 'एकटा जीव' वाचतानाही असेच कामाचे प्रश्न हाताशी ठेव. आणि रडू आलंच तर कोणत्या पानावर आलं ते लिही, त्याच्या आधीच्या पानावर काय होतं तेही.

'घरी नेऊ नये'वाल्याला हसू नकोस. आपल्याकडच्या लग्नात बायका विहिणीवर जी गाणी म्हणतात, त्यापुढे दादा सोवळेच. तरी त्या माणसाची अडचण खरी आहे, पोरीसमोर मोठ्यानं वाचायची लाज वाटली असणार. चावट विनोदाला कोण बाजूला बसलं आहे याचा फार फरक पडतो. जमलं तर त्यालाच जाऊन विचार. दुसऱ्यांदा का नेलं, हे मात्र हळूच विचार.

कोणाचं खरं धरू, याचं उत्तर त्यातच आलं. चौघांनाही खरं धर, फक्त सरासरी काढू नकोस. सरासरी काढलीस तर 'बरं आहे' एवढंच उरेल, आणि 'बरं आहे' आपण पाहुण्यांकडच्या खारट भाजीलाही म्हणतो.

पुस्तक पुन्हा तुझ्या नावावर चढवलं आहे, पंधरा दिवसांसाठी. आपलं ग्रंथालय 'ड' वर्गाचं, म्हणजे सगळ्यात लहान, प्रत एकच, तेव्हा बांधीवर नेऊ नकोस. वहीत तुझ्या नोंदीखाली अर्धं पान कोरं सोडलं आहे. आजी म्हणेल, चष्मा सापडत नाही. तिला सांग, चष्मा लागत नाही, नुसतं ऐकायचं आहे.

तुझे,
गुरुजी