शीघ्रपतन म्हणजे मेंदूत बिघाड असतो का? एमआरआय काढून घेऊ का?

नको, पैसे घालवू नका. स्कॅन वापरून झालेल्या अभ्यासांत अशा पुरुषांच्या मेंदूत काही फरक दिसले आहेत, पण ते गटांच्या सरासरीतले. एकट्या माणसाचं निदान त्यावरून होत नाही.

वीर्यपतनाची प्रतिक्षिप्त क्रिया घडते कमरेच्या मज्जारज्जूत. तिला आवर घालतो मेंदू, मुख्यतः सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाच्या मदतीने. म्हणूनच सेरोटोनिन वाढवणाऱ्या गोळ्यांनी वेळ लांबते. त्यात भर पडते लक्षाची. ‘आता होईल, आता होईल’ म्हणत माणूस स्वतःवरच पहारा ठेवतो. मग शरीराच्या खुणा कळत नाहीत आणि भीती वाढते. थांबून पुन्हा सुरू करण्याचा सराव (मूत्रविकारतज्ज्ञ जेम्स सीमन्स यांनी १९५६ मध्ये मांडलेला) नेमक्या त्या खुणा ओळखायला शिकवतो.

पहिल्यापासून आणि जवळजवळ दरवेळी साधारण १ मिनिटाच्या आत होत असेल, ते रोखता येत नसेल आणि त्याचा त्रास होत असेल, तरच ते ‘आजीवन’, म्हणजे पहिल्यापासूनच्या, प्रकारात धरतात. नंतर सुरू झालं असेल तर थायरॉइड, प्रोस्टेट, लिंगाची ताठरता तपासावी लागते.

लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या ‘गुप्तरोग’वाल्या नंबरांवर कृपा करून फोन करू नका. मुंबईतल्या केईएम, सायन किंवा नायर रुग्णालयाच्या ओपीडीत मूत्रविकारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघंही भेटतात. जमलं तर बायकोलाही सोबत न्या.