दारू सुटली, मग घरात आनंद का नाही?

‘दारू सोडून चार महिने झाले. एक थेंब घेतलेला नाही. पण घरात कोणालाच बरं वाटत नाहीये आणि मलाही नाही. मग सोडून मिळालं काय?’

हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. पत्नी विचारते तेव्हा तो असा असतो: ‘पीत होते तेव्हा निदान कधीतरी हसायचे. आता घरात असतात, पण बोलायची सोय नाही.’ एवढं बोलून झालं की तिला लगेच अपराधी वाटतं. वर्षानुवर्षं जे मागितलं ते मिळालं आणि तरी आपण तक्रार करतोय, असं तिच्या मनात येतं. मला दोघांनाही पहिल्यांदा हेच सांगायचं असतं की, हे असं होतं. यात त्यांचं काही चुकत नसतं. दारू बंद होणं हे एक काम आणि दारूशिवाय जगायला शिकणं हे दुसरं. पहिल्या कामासाठी डॉक्टर असतात, केंद्रं असतात, सगळं घर पाठीशी असतं. दुसऱ्या कामाच्या वेळी मात्र, ‘आता सुटली ना, मग झालं तर’ असं म्हणून सगळे आपापल्या मार्गाला लागतात.

ज्या जोडप्याबद्दल लिहितेय त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गृहस्थ पंचेचाळिशीचे, नोकरी टिकून असलेले. पिणं रोजचं, बारा-तेरा वर्षांचं. मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षात. त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दाखल होऊन दारू सोडली होती आणि ते अगदी योग्य केलं होतं. रोज भरपूर पिणाऱ्याने मनाशी ठरवून घरीच एका दिवसात बंद करणं धोक्याचं असतं. शेवटच्या पेगनंतर साधारण 6 ते 24 तासांत हातांना कंप, घाम, मळमळ सुरू होते. पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भास होतात, वेळ-ठिकाणाचं भान जातं, ताप चढतो. ही अवस्था जिवावर बेतू शकते. ‘इच्छाशक्ती असेल तर सुटतेच’ असं म्हणणाऱ्यांना ही बाजू माहीत नसते. इच्छाशक्ती फिट थांबवत नाही.

तर ते सगळं पार पडलं होतं. पहिले काही आठवडे घरात उत्साह होता. मग हळूहळू गृहस्थ गप्प झाले. झोप तुटक लागायची. पहाटे तीन वाजता घामाघूम होऊन उठायचे. एकदा फार अवघडून त्यांनी सांगितलं, ‘स्वप्नात प्यायलो. इतकं खरं वाटलं की उठून तोंडाचा वास घेतला. मग भीतीने झोपच आली नाही. हिला सांगितलं नाही, तिला वाटेल माझ्या मनात अजून तेच आहे.’

अशी स्वप्नं दारू सोडलेल्या खूप जणांना पडतात. दारूमुळे झोपेतला स्वप्नांचा टप्पा दबलेला असतो. दारू थांबली की तो उसळून वर येतो. शिवाय मेंदूने इतकी वर्षं रोजच्या दारूशी जुळवून घेतलेलं असतं. दारू मेंदूला शांत करते, म्हणून तोल राखायला मेंदू स्वतःला जास्त चेतवून ठेवतो. दारू गेली तरी हे चेतवलेपण लगेच जात नाही. चिडचिड, अस्वस्थता, तुटकी झोप त्यातूनच येते. आणि कशातच गोडी न वाटणं हेही त्यातच. सुखाची जाणीव करून देणारी मेंदूतली यंत्रणा इतकी वर्षं दारूच्या जोरावर चाललेली असते. साध्या गोष्टींतून पुन्हा आनंद मिळायला काही आठवडे, काहींना काही महिने लागतात. हे ऐकल्यावर ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, ‘म्हणजे मी असा रुक्ष माणूस झालेलो नाही ना कायमचा?’ त्यांना चार महिने ही भीती होती आणि ती त्यांनी कोणाजवळ बोलून दाखवली नव्हती. (हे उदासपण फार खोल वाटलं, जगणंच नको असं येऊ लागलं, तर मात्र वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञांना भेटायचं. दारूच्या आड नैराश्य लपलेलं असू शकतं.)

मग मी त्यांना एका संध्याकाळचा हिशेब मागितला, घड्याळाप्रमाणे.

‘सात वाजता घरी येता. मग?’
‘हातपाय धुतो. टीव्ही लावतो.’
‘काय बघता?’
‘काही नाही. चॅनेल बदलत बसतो.’
‘साडेसात?’
‘तेच.’
‘आठ?’
‘घड्याळ बघतो. दहा कधी वाजतात याची वाट बघतो. एकदा झोपायला गेलो की दिवस सुटला.’

सात ते दहा. त्यांच्या पिण्याची वेळ हीच होती. बाटली आणणं, ग्लास काढणं, मित्राला फोन करणं, पिणं, बडबड करणं, मग जेवण की नाही ते ठाऊक नाही आणि झोप. दारू गेली तेव्हा तिच्याबरोबर रोजचे तीन तासही गेले आणि त्यांच्या जागी काहीच आलं नाही. रिकाम्या खुर्चीत बसून दारू न पिण्याचा प्रयत्न करणं हे फार कष्टाचं असतं. ते चार महिने तेच करत होते.

‘छंद लावून घ्या’ हा सल्ला अशा वेळी मी देत नाही. ज्याला कशातच गोडी वाटत नाही त्याला छंद सुचणार कुठून? आम्ही आधी वेळच हलवली. ऑफिसातून थेट घरी न येता चाळीस मिनिटं चालून यायचं. त्यांचा जुना रस्ता दुकानावरून जायचा, तो सोडायचा. घरी आल्या आल्या जेवायचं, कारण रिकाम्या पोटी तलफ जास्त जोर करते. पूर्वी ज्या खुर्चीत बसून प्यायचे ती त्यांनी स्वतःहून दुसऱ्या खोलीत हलवली. हे मी सुचवलेलं नव्हतं. जेवणानंतरचा तास मोकळा राहायचा. तिथे त्यांनी घरातल्या बिघडलेल्या वस्तू उघडायला घेतल्या. आधी पंखा, मग इस्त्री. आवड होती म्हणून नव्हे, हात गुंतलेले राहतात म्हणून. आवड नंतर आली. बहुतेकांच्या बाबतीत ती नंतरच येते.

तलफ आली तर तिच्याशी भांडायचं नाही, हेही त्यांना नवीन होतं. तलफ वाढत जाते आणि मग आपोआप उतरते, बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत. तेवढा वेळ जागा बदलायची, कोणाशी तरी बोलायचं, पाणी प्यायचं. पूर्वी त्यांनी ती कधी उतरताना बघितलीच नव्हती, कारण त्याआधीच ग्लास भरलेला असायचा.

हे सगळं त्यांच्या बाजूचं. पण खरी गाठ दारात होती.

ते घरी आले की त्यांच्या पत्नी (त्यांना मी ताई म्हणते) दार उघडायच्या आणि क्षणभर तिथेच थांबायच्या. काही बोलायच्या नाहीत. फक्त एक लांब श्वास घ्यायच्या. त्यांना वाटायचं कोणाच्या लक्षात येत नाही. पण गृहस्थांच्याही लक्षात यायचं आणि मुलीच्याही. वास आला नाही की ताई बाजूला व्हायच्या आणि मुलगी पुस्तक उचलून आतल्या खोलीत जायची. रोज. ‘चार महिने झाले, अजून माझी झडती होते,’ असं म्हणताना त्यांचा आवाज चढला. ताईही तेवढ्याच ठामपणे म्हणाल्या, ‘बारा वर्षं रोज हेच केलंय. पाय आपोआप थांबतात.’

मला दोघांचंही म्हणणं खरं वाटतं. ज्या घरात दारू असते तिथे बाकीची माणसं सतत कानोसा घेऊन जगतात. पावलांचा आवाज, किल्ली लावायला लागलेला वेळ, पहिल्या शब्दाचा सूर. त्यावरून आजची रात्र कशी जाणार ते ठरतं. हा सावधपणा त्यांच्या कामी आलेला असतो, त्याने त्यांना वाचवलेलं असतं. समोरच्याने दारू सोडली म्हणून तो त्याच दिवशी कसा सुटेल? दारू सोडणाऱ्याला मी स्पष्ट सांगते: विश्वास ही तुमची थकबाकी नाही. चार महिने भरले म्हणून तो हक्काने मागता येत नाही. आणि घरच्यांना सांगते: खिसे तपासणं, फोन बघणं, वास घेणं याने तो पिणार असेल तर थांबणार नाही आणि पिणार नसेल तर खचेल.

यातून त्या दोघांनीच एक वाट काढली. आल्यावर ते स्वतः सांगायचे, ‘आज ठीक होतं’ किंवा ‘आज अवघड गेलं’. ताईंनी त्यावर उलटतपासणी करायची नाही. पहिल्यांदा ते ‘आज अवघड गेलं’ म्हणाले तेव्हा ताई घाबरल्या. पण नंतर मला म्हणाल्या, ‘एवढ्या वर्षांत यांनी न विचारता खरं सांगितलं, असं पहिल्यांदाच झालं.’

दुसरी अडचण पैशांची आणि घरातल्या निर्णयांची. त्यांच्या पिण्याच्या काळात घराचा गाडा ताईंनी एकटीने ओढला होता. पगार त्यांच्या हातात यायचा, बिलं, मुलीच्या शाळेच्या बैठका, नातेवाइकांची आजारपणं सगळं त्याच बघत होत्या. आता हे शुद्धीवर आले आणि मुलीच्या पुढच्या शिक्षणाबद्दल मत देऊ लागले. मुलगी म्हणाली, ‘बाबा, तुम्हाला माझे विषय तरी माहीत आहेत का?’ ते दुखावले. पण तिचं म्हणणं खरं होतं. मी त्यांना सुचवलं की निर्णयांपासून सुरुवात नको, कामांपासून करा. एक बिल भरायचं, एक खरेदी करायची आणि ती दर वेळी वेळेवर करायची. मत विचारलं जाईल तेव्हा द्यायचं. पंचेचाळिशीच्या माणसाला हे सोपं नसतं. त्यांनी ते केलं याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटतो.

याच सुमारास ताईंनी एकटीने येऊन विचारलं, ‘दारूची घृणा आणणारी गोळी मिळते म्हणे. जेवणात मिसळून देऊ का? त्यांना कळणार नाही.’ हा प्रश्न इतक्या जणी विचारतात की उत्तर इथे ठळकपणे देते. नाही, कधीही नाही. ही गोळी म्हणजे डायसल्फिरम. ती 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात आहे. ती घृणा आणत नाही. दारू पचताना शरीरात तयार होणारा एक विषारी पदार्थ पुढे मोडायचं थांबवते. तो साठला की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. ज्याला गोळीची माहितीच नाही तो नेहमीसारखा पिईल आणि जीव जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. डॉक्टरांनी तपासून, रुग्णाने स्वतः हो म्हणून घेतली तर ती उपयोगाची आहे. नालट्रेक्सोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट ही तलफ कमी करायला मदत करणारी वेगळी औषधंही आहेत. त्यांच्याबद्दलही डॉक्टरांशीच बोलायचं.

सातव्या महिन्यात ते प्यायले. एका सहकाऱ्याचा निरोप समारंभ होता. त्यांनी ‘आज नको, पोट बरं नाही’ असं सांगितलं. लोकांनी आग्रह केला, ‘एकाने काय होतं?’ पोटाचं कारण दिलं की आग्रहाला जागा उरते. ‘मी पीत नाही’ एवढं म्हणून विषय बदलला तर ती उरत नाही. एकाचे तीन झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर म्हणाले, ‘सात महिने वाया गेले. आता सोडूनच द्यावं सगळं.’

खरा धोका या वाक्यात असतो. अ‍ॅलन मार्लॅट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने हे नीट मांडून ठेवलं आहे: एकदा घसरल्यावर ‘आता संपलंच’ असं वाटतं आणि त्या शरमेतूनच पुढचं पिणं सुरू होतं. सात महिन्यांत शरीर सावरलं होतं, झोप सुधारली होती, ते सगळं एका रात्रीत पुसलं जात नाही. मात्र एक गोष्ट बदललेली असते. शरीराची दारू सहन करायची जुनी ताकद कमी झालेली असते, म्हणून पूर्वीइतकी प्यायलो तर ती झेपत नाही. ते त्याच दिवशी आले. ताईंना त्यांनी आधीच सांगितलं होतं, वास येण्याआधी. ताई दोन दिवस बोलल्या नाहीत, पण घर मोडलं नाही.

त्यानंतर ते अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगला जाऊ लागले. ही संघटना 1935 मध्ये अमेरिकेत दोन मद्यपींनी एकमेकांना सावरताना सुरू केली. सगळ्यांनाच ती मानवते असं नाही. काहींना तिथली प्रार्थना रुचत नाही, काहींना मोकळं बोलवत नाही. त्यांना मात्र तिथे एक गोष्ट मिळाली जी मी देऊ शकत नव्हते. ‘आज सात वाजता फार अवघड होतं’ असं म्हटल्यावर समोरचा माणूस स्वतःच्या अनुभवातून मान हलवायचा.

आता त्यांनी दारूला हात न लावल्याला पुन्हा वर्ष होऊन गेलंय. ते माझ्याकडे क्वचित येतात. सध्या ताई येतात. ते स्थिर झाल्यावर काही महिन्यांनी ताईंना रडू येऊ लागलं, रात्री जाग यायला लागली, जुने प्रसंग आठवून राग उसळायला लागला. नातेवाईक म्हणतात, ‘आता तर सगळं चांगलं चाललंय, आता काय झालं?’ संकट चालू असताना रडायला सवड नव्हती, ती आता मिळाली आहे. मद्यपींच्या घरच्यांसाठी ‘अल-अ‍ॅनॉन’ हे वेगळे गट 1951 पासून चालतात ते याचसाठी. तिथे जायला घरातला माणूस पीत असलाच पाहिजे असं नाही. ताई तिथे जाताहेत. परवा गृहस्थांनी मला फोन करून विचारलं, ‘ती जुनं काही बोलायला लागली की मी काय करू?’ मी म्हटलं, ऐकून घ्या, खुलासा देऊ नका. ‘किती दिवस?’ असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की, ते ताईंनाच ठरवू द्या.