काजूच्या लोगोत गोवा कसा दाखवावा?

तुम्ही लिहिता की फोंड्यात भाजलेल्या काजूंची पाकिटं विकता आणि लोगोत काजू नि गोवा दोन्ही हवेत, पण माड, होडी, काजू एकत्र काढले की नुसती गर्दी होते.

ही चित्रं एकमेकांशेजारी उभी आहेत, म्हणून गर्दी होते. दृश्य साधर्म्यात, म्हणजे एकाच आकृतीत दोन वस्तू दिसाव्यात अशा चित्रात, एकच बाह्यरेषा दोन वस्तूंची असावी लागते. संगणकाला अजून हात लावू नका. कागदावर एकीकडे गर, सालीसकट बी, बोंडू (जिच्या टोकाला बी लटकते ते काजूचं फळ), पान आणि दुसरीकडे गोव्यातल्या वस्तू अशा भरीव काळ्या आकृत्या काढा. आत एकही रेघ नको. मग जुळणाऱ्या कडा शोधा.

नुसता गर घेऊ नका. तपकिरी-लाल रंगात तो हमखास मूत्रपिंड वाटतो आणि पाकीट औषधाचं दिसू लागतं. बोंडवाला लटकलेली बाकदार बी मात्र पाहताक्षणी काजूच वाटते. देठाकडे निमुळता, खाली रुंद बोंडू निवडलात तर तो घंटेसारखा दिसतो आणि बी होते तिचा लोलक. घंटा देवळातही आहे, चर्चमध्येही, त्यामुळे मला ही जोडी गोव्यासाठी फार योग्य वाटते.

इथला धोका म्हणजे घंटा वरचढ झाली की पाकीट अगरबत्तीचं वाटतं. म्हणून बीचा बाक ठळक ठेवा, ती मधोमध न टांगता किंचित तिरकी घ्या, देठाशी एक पान द्या. घंटेची कडी, नक्षी काढायचीच नाही. पहिल्या नजरेला काजू, दुसऱ्या नजरेला घंटा. फेडएक्स या कुरिअर कंपनीच्या 1994 सालच्या लोगोत ई आणि एक्स यांच्यामधला बाण अनेकांना दिसत नाही, तरी नाव वाचण्यात काही अडत नाही. तुमच्या घंटेचंही तसंच हवं.

चाचणी एकाच रंगात घ्या. लोगो 15 मिमी रुंद छापा आणि बोंडू नि बी यांच्यातली पांढरी फट निदान 0.5 मिमी ठेवा. पाऊचवर शाई पसरते, फट बुजते आणि मग दोन्ही मिळून एक गोळा दिसतो. धंद्याशी संबंध नसलेल्या माणसाला पाच सेकंद दाखवून फक्त “काय दिसलं?” एवढंच विचारा. “काजू आणि घंटा दिसते का?” असं विचारलंत तर तो होच म्हणेल.

छपाईला देण्याआधी ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावर वर्ग 29 मध्ये शोध घ्या. भाजलेले काजू त्यातच येतात, आणि बोंडवाचं चित्र आधीच कुणी घेतलेलं असू शकतं.